पान टाकण्याचं प्रकरण

ती केस मला आजही लख्ख आठवते. आठवायलाच हवी म्हणा, कारण ती गेल्याच हिवाळ्यातली आहे. चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. फौजदार म्हणून लागलो, वरिष्ठ निरीक्षक म्हणून निवृत्त झालो, खून-दरोडे पुष्कळ पाहिले. पण ज्या तपासानं माझी खोड मोडली, तो निवृत्तीनंतर बारा वर्षांनी अमेरिकेत, पार्सिपनीत, लेकीच्या घरात झाला. नावं कोणाचीच घेणार नाही. खबरी, आरोपी आणि तपास अधिकारी रोज एकाच टेबलावर जेवतात, उगाच वाद नकोत.

खबर दिली नातीनं. वय बावीस, जन्म इथलाच, नोकरी घरात बसून कॉम्प्युटरवर. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं ओढत होतो, तेव्हा ती कॉफीचा मग घेऊन बाहेर आली.

"आजोबा, डोन्ट गेट मॅड. आजी रोज लंचनंतर लॅपटॉप घेऊन बेसमेंटमध्ये जाते आणि डोअर लॉक करते. इट्स अ लिटल शेडी. तुम्ही जरा चेक करा ना."

मी फावडं बाजूला ठेवलं. आमच्या ज्येष्ठ मंडळातल्या एका काकांना नुकतंच कोणीतरी फोनवर घाबरवून गिफ्ट कार्डं घ्यायला लावून लुबाडलं होतं. आणि माझी बायको! लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, या बाईनं माझ्यापासून एक साखरेचा डबा सोडला तर काही लपवलं नव्हतं, आणि तो डबाही माझ्या मधुमेहापायी.

खबर मिळाली की लगेच झडप घालायची नाही, आधी पाळत ठेवायची. इथल्या जिन्यांना गालिचा असतो, पावलं वाजत नाहीत, त्यामुळे सोय झाली. दोन दुपारी मी बेसमेंटच्या दाराला कान लावून बसलो. आतून बराच वेळ काही नाही, मग एकदम "अगंबाई!", आणि थोड्या वेळानं, "मेल्या, तुझ्याकडे होतं होय!"

तिसऱ्या दिवशी ती लेकीबरोबर इंडियन स्टोअरमध्ये गेली आणि मी झडती घेतली. वॉरंट नव्हतं, हे कबूल करतो. तिच्या चष्म्याच्या घरात एक चिठ्ठी मिळाली, अक्षर तिचंच. "पान वाईट आलं की टाकायचं. चांगलं आलं तरी वेळ पडली तर टाकायचं. जीव गुंतवायचा नाही."

मी खाली बसलो. आमच्या घरात पानात टाकणं हा अदखलपात्र नव्हे, दखलपात्र गुन्हा. हिनं माझ्या वरिष्ठांनासुद्धा शेवटचा भाताचा घास संपवायला लावलेला आहे. तीच बाई पान टाकायचं लिहून ठेवते? माझा निष्कर्ष झाला: ऑनलाइन बुवा. आधी उपास करायला लावणार, मग जीव गुंतवू नको म्हणणार, मग दक्षिणा. रविवारी तिनं अर्धी भाकरी कमी खाल्ली होती, तेही आठवलं. अधिकाऱ्याच्या डोक्यात एकदा कल्पना पक्की बसली की पुरावे आपोआप धावत येतात.

चौकशी स्वयंपाकघरात झाली. ती मेथी निवडत होती. मी पद्धतीप्रमाणे आधी चहा पुढे ठेवला.

"जेवण नीट जातंय ना?"

"जातंय की."

"पान टाकायला कोणी सांगितलंय का तुला?"

तिचे हात थांबले. "चष्म्याच्या घरात हात घातलात?"

मी काही बोललो नाही. गप्प बसणं हे माझं जुनं हत्यार. समोरच्याला ते सोसत नाही आणि तो बोलून जातो. पण या आरोपीनं ते हत्यार चव्वेचाळीस वर्षं जवळून पाहिलेलं. तिनं शांतपणे अख्खी जुडी निवडून संपवली. शेवटी मीच फुटलो.

"अगं, तो बुवा कोण आहे ते तरी सांग!"

"कुठला बुवा?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो, जेवणाचं पान नव्हे हो. पत्त्याचं! पोकर खेळते मी, कॉम्प्युटरवर. शिकतेय अजून."

मग सगळा कबुलीजबाब आला. नातीनं शिकवलं होतं. खातं हिच्याच नावावर, टेबल एक-दोन सेंटचं, त्याहून लहान टेबलच नाही. या राज्यात परवाना असलेल्या साइटवर खेळणं कायदेशीर आहे, हे तिनं मला कलम वाचल्यासारखं ऐकवलं. महिन्याभरात सगळं मिळून एका पिझ्झाएवढेही पैसे गेले नव्हते.

"मग चोरून कशाला?"

आता ती हसत नव्हती. "माहेरी आम्ही सगळी भावंडं पत्ते खेळायचो. लग्नात मी माझा जोड पेटीत घालून आणला होता. पोलीस लाइनीतल्या घरात तुम्ही तो बघितलात आणि म्हणालात, जुगाराच्या धाडी घालणाऱ्याच्या घरात पत्ते? लोक तोंडात शेण घालतील. आणि सकाळी बंबात टाकलात. त्या पाण्यानं आंघोळ केलीत."

मला खरंच आठवत नव्हतं. शपथेवर सांगतो.

"आता बंद कर म्हणालात तर करते," ती म्हणाली. "तेव्हाही केलंच होतं."

एवढं मोठं वाक्य मला कुठल्याही आरोपीनं ऐकवलेलं नाही. माझ्या एका शब्दावर त्या बाईचा खेळ दुसऱ्यांदा बंद होणार होता. मला फार लाज वाटली.

"दाखव मला," मी म्हणालो.

आम्ही बेसमेंटमध्ये गेलो. पडद्यावर गोल टेबल, भोवती टोपणनावं. माणसाचा चेहरा एक नाही. नजर, घाम, थरथरणारी बोटं, ज्यावर मी नोकरी केली त्यातलं तिथं काहीच नव्हतं. तिला दोन एक्के आले, इस्पिक आणि किलवर. मी खुर्चीतून उठलोच. मधल्या, सगळ्यांच्या सामाईक उघड्या पानांत मात्र एकापाठोपाठ एक चार बदाम पडले आणि एकानं मोठा डाव लावला.

"थापा मारतोय लेकाचा. सोडू नकोस, धर त्याला!"

"चार बदाम खाली आहेत. पाचवा कोणाच्या तरी हातात असणारच. एका रंगाची पाच झाली की एक्क्यांची जोडी हरते." आणि तिनं एक्के टाकून दिले. तिसरा एक जण भिडला, पानं उघडी झाली. लावणाऱ्याकडे बदामाची राणी होती.

"आधी मला टाकवतच नव्हतं," ती म्हणाली. "वाढलेलं टाकायचं कसं, असं व्हायचं. तेवढ्यासाठी ती चिठ्ठी."

जिन्यावर नात उभी होती. "सॉरी आजी. खबर मीच दिली. किती दिवस लपूनछपून खेळणार यार? आजोबा, शी वॉज सो स्केअर्ड ऑफ यू."

या केसनं मला काय शिकवलं? ज्यानं केलं तो विसरतो, ज्याचं गेलं तो विसरत नाही. हे मी शेकडो जबाबांत स्वतःच्या हातानं लिहून घेतलं, आणि माझ्याच घरातली एक फिर्याद चव्वेचाळीस वर्षं कोणी नोंदवलीच नाही, कारण ठाणेदार मीच होतो. आता दुपारी मी तिच्या शेजारी चहा घेऊन बसतो आणि तोंड बंद ठेवतो. दिवस छान जातात.

त्या कबुलीजबाबाच्या दुसऱ्याच दिवशी मी बर्फातून चालत कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलो, इथं तिथं पत्तेही मिळतात, आणि पत्त्यांचा एक जोड घेऊन आलो. तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "जप्त मुद्देमाल मूळ मालकाला परत."

तिनं पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि एकेक पान टेबलावर ठेवायला लागली.

"काय करतेस?"

"बावन्न आहेत का बघते. पोलिसांकडून परत आलेला माल आहे, मोजून घेतलेला बरा."