जास्त दाबाची बोट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्राशेजारी रोज संध्याकाळी तळ्याच्या काठी बसतो, त्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. तरी कुठून सुरू करू? बोटीपासूनच करावं लागेल. कारण बोट मी निवडली होती.

तेव्हा मी तिशीच्या आतला होतो. मुंबईच्या गोदीतल्या एका कारखान्यात विजेच्या दिव्यांचं काम थोडंफार शिकलो होतो — थोडंफारच — आणि तेवढ्यावर ठाण्यात मला जाणकार समजत. आबासाहेब म्हणून एक बडे व्यापारी होते; कोलशेतकडे त्यांची मिठागरं होती आणि कल्याणला लाकडाची वखार. खाडीतून ये-जा करायला त्यांना एक वापरलेली, लहानशी आगबोट घ्यायची होती. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. कल्याणचं वऱ्हाड त्याच बोटीतून, दिव्यांच्या लखलखाटात आणायचं त्यांच्या मनात होतं. म्हणून मला सोबत नेलं.

गोदीत दोन बोटी विकायला होत्या. दोन्ही जुन्या, दोन्हींवर विजेचे दिवे. फरक होता तो विजेच्या दाबाचा, जो व्होल्टमध्ये मोजतात. एकीचा दाब पंचवीस. तिचे दिवे पिवळट, समईपेक्षा थोडे बरे इतकेच. दुसरीचा एकशेदहा. ते दिवे लागले तेव्हा आबासाहेबांनी डोळ्यांवर हात धरला — आणि हसले. त्या करड्या माणसाला मी तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मला एक गोष्ट ठाऊक होती. तारांवरचं रबर खाऱ्या हवेत कुजतं. कुजलेल्या रबरातून कमी दाबाची वीज फुटली, तरी मुंगी चावल्यासारखं होतं. जास्त दाबाची फुटली, तर ती ओल्या माणसाला सोडत नाही. जुन्या बोटीला कमी दाबच बरा — इतकं साधं होतं ते. त्या दुसऱ्या बोटीच्या तारा मी नखानं खरवडूनही पाहिल्या होत्या. रबराचा भुगा नखात आला.

मग मी काय म्हणालो? "हीच घ्या," म्हणालो. ते हसू माझ्यामुळे आलं असं व्हावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही कारण शोधून सापडलेलं नाही.

बोटीवरच्या दिव्यांची देखभाल त्यांनी माझ्याकडेच दिली. लग्न थाटात झालं. कोलशेतपासून कल्याणच्या बंदरापर्यंत लोक काठावर उभे राहून दिवे बघत होते. वऱ्हाडातल्या दोघी बायका पितळी कठड्याला हात लावून दचकल्या. खाडीच्या वाऱ्यानं शिरशिरी आली, म्हणाल्या. मी ऐकलं. त्याआधीच एकदा जेवून हात धुतल्यावर मी तोच कठडा धरला होता, आणि कुणीतरी कोपरापर्यंत हात पिरगळावा तसं झालं होतं. मी त्या जागी सुंभ गुंडाळून टाकला. शोभेसाठी, असं सांगितलं.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोललात? बोललो असतो तर बोट कुणी निवडली, हा प्रश्न आला असता.

आता गोमाबाईचं सांगायला हवं. कोलशेतची ही कोळीण, विधवा. नवऱ्यामागे त्याची होडी स्वतः वल्हवून माणसं पलीकडे नेई. एकदा भरतीच्या वेळी आमची बोट जोरात गेली आणि तिच्या लाटेनं गोमाबाईची होडी उलटून खडकावर फुटली. माणसं वाचली. ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून आमच्याकडे बघत होती. ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "हिला मानूस लागंल." बोटीवरच्या सगळ्यांनी ते ऐकलं.

त्यानंतर बोट बिघडत गेली — की लोकांचं लक्ष जायला लागलं? खलाशी सांगू लागले, कठड्यावरून कुणीतरी आपला हात धरतं. संध्याकाळी बोट बंदराला लागली, दिव्यांचा खटका बंद केला, तरी वीज बनवणारं यंत्र वाफ संपेपर्यंत फिरत राही आणि दिवे पुरते विझत नसत. काचेच्या आत तांबडी तार धुगधुगत राही, राखेतल्या निखाऱ्यासारखी. रिकामी बोट, खाली काळं पाणी, आणि वर ते मिणमिणते तांबडे डोळे. काठावरची माणसं वाट बदलून जाऊ लागली. मला ठाऊक होतं की वीज गळतीच्या वाटेनं दिव्यात शिरते आहे. ठाऊक असूनही, खरं सांगतो, मीही तिकडे पाठ करून उभा राहत नसे.

भिकू नावाचा खलाशी होता. गेल्याच वर्षी लग्न झालेला, पोहण्यात सगळ्यांच्या पुढे. एका सकाळी दाट धुकं होतं, म्हणून दिवे लावूनच निघालो, आणि डोंबिवलीच्या अलीकडे बोट गाळात रुतली. भिकू पाण्यात उतरला, खांदा लावून बोट ढकलली. मग निथळत्या अंगानं वर चढला — एक पाय लोखंडी काठावर, दोन्ही हात पितळी कठड्यावर.

तिथेच थांबला. आधी वाटलं, दम खातोय. मग त्याचं तोंड दिसलं. बोट चालवणारा तांडेल त्याच्याकडे धावला; मी धावलो यंत्राजवळच्या मुख्य खटक्याकडे. मी खटका ओढला आणि त्याच क्षणी भिकूचे हात सुटले. तो पाण्यात पडला. बाहेर काढला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

माझा हात खटक्यावर होता, हे कुणी पाहिलं नाही. सगळे भिकूकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी कोलशेतच्या काठावर माणसं जमली. भिकूवर चेटूक कुणी केलं ते सांगायला भगताला आणलं होतं. गोमाबाईला मधे बसवलं होतं, केस मोकळे सोडून. आबासाहेब या गोष्टी मानणारे नव्हते. त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "तुम्ही विजेचे जाणकार. वीज असं करू शकते का?"

गोमाबाईनं मान वर केली. तिनं माझ्याकडे पाहिलं ते आशेनं नव्हे. तिलाही उत्तर हवं होतं, बस.

मी म्हणालो, "नाही."

हेच ते. एवढ्यासाठी इतकं फिरत आलो. त्या शब्दावर आबासाहेब मागे वळले आणि निघून गेले. मग तिचं झोपडं मोडलं, तिला मारलं, गावाबाहेर काढलं. मी थांबून बघितलं नाही. आवाज मात्र बराच वेळ ऐकू येत होता.

आठवडाभरात मी आबासाहेबांना सुचवलं की बोट अपशकुनी झाली आहे, विजेचं सगळं सामान उतरवून घासलेटचे कंदील लावू. त्यांनी होकार दिला. तारा मी माझ्या हातानं उपटल्या. त्यानंतर कठड्यानं कुणाला धरलं नाही. दिवे धुगधुगले नाहीत. आणि लोक काय म्हणाले, ठाऊक आहे? म्हणाले, बघा, बाई गेली आणि बोट निवळली. मी केलेली दुरुस्ती तिच्याविरुद्धचा पुरावा झाली.

बऱ्याच वर्षांनी ती मला कल्याणच्या बंदरावर दिसली. दुपारची वेळ होती. सुकी मासळी घेऊन बसली होती, बाकीच्या बायकांपासून लांब. मी वळणार होतो, तिनं ओळखलं.

"बोट बरी हाय ना आता, दादा?"

"हो."

तिनं पुढ्यातली मासळी सारखी केली. मग हळूच म्हणाली, "माज्याच तोंडातून गेला ना तो सबूद. भिकूनं माजा काय वायट केलता?"

हे तिला कुणी पढवलं नव्हतं. ती स्वतःच मानत होती. तिच्या शब्दानं एक तरणा माणूस मारला, हे घेऊन ती तिथे बसली होती. आसपास कुणी नव्हतं. आबासाहेब वारले होते, बोट भंगारात गेली होती. मला भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

"होतं असं," मी म्हणालो, आणि चालू लागलो.

पुढे ती बोलेनाशी झाली, असं कानावर आलं. मासळी द्यायची तर बोटांनी खुणावत असे. वाचा गेली नव्हती. आपल्या तोंडून काही निघेल आणि पुन्हा कुणी मरेल, या भीतीनं ती शेवटपर्यंत बोलली नाही.