आधी कौतुक, मग मीठ-मोहरी

आमच्या संभाजीनगरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही दीड तास. त्या दीड तासात घरात पाहुणा आला तर त्याच्या हातात आधी पाईप देतात, मग चहा. त्यामुळे माझ्या पोरीनं सगळ्यात मोठ्या निळ्या ड्रमची तोटी उघडून सगळं पाणी गल्लीत सोडलं, तेव्हा तिच्या बापाचा तोल सुटला. ह्यांनी तिला मारलं, आणि मग स्वतःच जेवले नाहीत.

पोरगी नुकतीच पहिलीत गेली होती. शाळेत पट्टी फेकायची, घरी चप्पल. मनाविरुद्ध झालं की जमिनीवर लोळायची आणि उचलायला जाईल त्याला चावायची. मीही काही कमी नव्हते. पिको-फॉलच्या मशीनवरून बसल्या जागी अशी ओरडायचे, की तीन घरं पलीकडची पोरं गुमान अभ्यासाला बसायची. माझी सोडून सगळी.

दुपारपाळीला वाळूजच्या कंपनीत निघताना हे दारातून म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाय सुधारली तर तुझ्या भावाकडं फुलंब्रीला ठेवू. तिथं रान हाय, फोडू दे काय फोडायचं ते."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. ती गेली तर घर कसं शांत होईल, असं क्षणभर मनात आलं. त्याची लाज मला अजून वाटते.

त्याच सुमारास अंगणवाडीच्या ताईंनी अशा पोरांच्या आईबापांसाठी दर गुरुवारी वर्ग सुरू केला. त्या कुठूनतरी प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. वर्ग म्हणजे एक सतरंजी, भिंतीवर मुळाक्षरं आणि आम्ही सातआठ बाया. आईबापांच्या वर्गात बाप एकही नव्हता. माझ्यासोबत सासूबाई आल्या, त्या शिकायला नव्हे, माझ्यावर लक्ष ठेवायला.

ताई म्हणाल्या, "पोर चुकलं की आपल्याला लगेच दिसतं. आता उलटं करायचं. चांगलं वागलं की तिथल्या तिथं सांगायचं, काय चांगलं केलं ते. आणि रोज दहा मिनिटं फक्त त्याची. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं."

सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. "तोंडावर कौतुक? दृष्ट लागंल ना लेकराला!"

त्यांचंही चूक नव्हतं. आमच्याकडे गुटगुटीत बाळाला कुणी गुटगुटीत म्हणत नाही. सासूबाईंची ह्यांच्यावर इतकी माया, की त्यांनी लेकाला जन्मात एकदाही शाब्बास म्हटलेलं नाही.

ताई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाल्या, "मग आज्जी, आधी कौतुक करा आणि नंतर दृष्ट काढा."

हे त्या सहज बोलून गेल्या. सासूबाईंनी मात्र मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पोरीनं न कुरकुरता मोजे घातले. मी घसा साफ करून म्हणाले, "मोजे तू स्वतः घातलेस, मला आवडलं." आवाज एसटी स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या बाईसारखा निघाला. तेवढ्यात सासूबाई मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन हजर. ताट उचललं, दृष्ट. पाटी जागेवर ठेवली, दृष्ट. मिरच्या गॅसवर लोखंडी पळीत जळायच्या आणि सगळं घर खोकायचं. शेजारीण पदर नाकाला लावून विचारायला आली, "काय झालंय व्हो?"

"कौतुक चालू हाय," मी म्हणाले.

पण एक गोष्ट माझ्या नंतर लक्षात आली. आज्जीची मूठ डोक्यापासून पायापर्यंत फिरायची, आज्जी पुटपुटायची, आणि दोन मिनिटं एका जागी न टिकणारी माझी पोर पाटावर डोळे मिटून बसलेली असायची. काही दिवसांनी तीच सांगू लागली, "आज्जी, मी दप्तर भरलं. काढ दृष्ट."

मी ओशाळून ताईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे दहा मिनिटं होतायत की! चालू द्या. फक्त मिरच्या जाळू नका." सासूबाईंनी मिरच्या सोडल्या, पण बिनमिरचीची दृष्ट अर्धवट निघते हे प्रत्येक वेळी ऐकवून.

पोर काही आठवड्यांत सोनं झाली नाही. चप्पल उडतच होती. ती लोळायला लागली की मारायचं नाही, ओरडायचं नाही, जवळ बसून राहायचं, हा धडा तर माझ्या जिवावर यायचा. मी मशीनचं चाक घट्ट धरून बसायचे.

दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा भाऊ मोटरसायकल घेऊन आला. ह्यांनी त्याला बोलावलं होतं, आणि मी येऊ नको म्हणाले नव्हते. तो नेमका पाण्याच्या दिवशी आला. ह्यांनी तिच्या कपड्यांची पिशवी गाडीला बांधली. पोरीनं ते पाहिलं आणि ड्रममधला पाईप हिसकून माझ्या गिऱ्हाइकांच्या साड्यांवर पाणी सोडलं. मग ओल्या फरशीवर लोळत किंचाळायला लागली.

"अक्का, चल, नेतो हिला," भाऊ म्हणाला.

मी तोंड उघडलं. सगळी गल्ली वाट बघत होती. मग तोंड मिटलं आणि तिच्याजवळ त्या पाण्यात बसले. कितीतरी वेळानं ती हुंदके देत उठली, वाहता पाईप उचलला आणि परत ड्रममध्ये घातला.

"पाईप तू आपणहून लावलास," मी म्हणाले. ह्या वेळी आवाज माझाच होता, आणि मी रडत होते.

ती आत गेली. मूठभर मीठ घेऊन आली आणि ती मूठ माझ्या डोक्यावरून पायापर्यंत फिरवू लागली, अगदी आज्जीसारखी.

"आई, तू आज ओरडली नाय," ती म्हणाली.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "मिरच्या पण घे गं. तुझ्या आईची लई वर्षांची दृष्ट ऱ्हायलीय."

ह्यांनी आतून मिरच्या आणून तिच्या हातात दिल्या. मग बाहेर जाऊन भावाच्या गाडीला बांधलेली पिशवी सोडली.