शिशीतला पारा

"विचाराचं असन तं सुई टोचाच्या आधी विचारा," लसीची शिशी आयांच्या डोळ्यांसमोर धरून आमच्या एकोडीच्या उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणायच्या.

मी गावची आशा सेविका. घरोघर हिंडून लेकरं गोळा करायची मी, आणि ह्या बाई आयांना प्रश्न विचारायला लावायच्या. धानाच्या रोवणीच्या दिवसांत प्रश्नांना फुरसत कोणाला असते, तुम्हीच सांगा. मला तर वैताग यायचा.

तलावात मासोळ्या धरणारं एक घर आहे. तिथल्या नातीच्या पहिल्या डोसाला आजीच दारात आडवी बसली. पोरानं तिला मोबाईलवर काहीतरी दाखवलं होतं.

"शिशीत पारा हाये म्हणते. खरं हाये का?"

नाही म्हणावं आणि मोकळं व्हावं, म्हणून मी सिस्टरना हळूच चिमटा काढला. पण ऐकतील तर त्या सिस्टर कसल्या?

"हाये ना, आजी. पाऱ्यापासून केलेलं औषध हाये, अगदी कणभर."

झालं, म्हटलं. आता दार लागतं. पण सिस्टर ओसरीवर फतकल मारून बसल्या.

"एका शिशीतून किती लेकरांले देतो आमी. घडीघडी सुई आत जाते. संगं जंतू गेला तं वाढू नये म्हणून ते औषध. थर्मामीटरातला पारा नोहे हा, येगळा हाये. अंगात साचत नाही, थोड्या दिवसांत निंघून जाते. माह्या पोरीलेही हेच टोचलं."

आजी पुन्हा पुन्हा तेच विचारायची, त्या पुन्हा पुन्हा तेच सांगायच्या. अख्खी दुपार गेली तेव्हा कुठे सून लेकरू घेऊन पुढे आली.

परतताना मी चिडून म्हटलं, "काहून सांगता जी एवढं?"

"अवं, उद्या तिले दुसऱ्यानं सांगतलं तं? मंग माह्यं खरंही कोणी आयकन का?" असं म्हणत त्या बांधावर टेकल्या. पाय सुजलेले. सुट्टी मागितली की बदली माणूस नाही, हेच उत्तर यायचं. "जीव थकला वं," म्हणाल्या.

नातीच्या दुसऱ्या डोसाआधीच सिस्टर गेल्या. झोपेतच गेल्या. मला अजून ते खरं वाटत नाही.

नवी सिस्टर भली आहे, पण तिच्याकडे गावं फार. दुसऱ्या डोसाला आजीनं पुन्हा पाऱ्याचं विचारलं तर ती लसीचा डबा उघडता उघडता म्हणाली, "काही नसते जी. अफवा हायेत."

आजीनं माझ्याकडे पाहिलं. "त्या बाई हाये म्हणे, हे नाही म्हणते. खोटं कोण बोलून राहिली?"

मी सगळं समजावलं. माझ्या तोंडून ते पाठ केल्यासारखंच निघालं.

"त्याच बाईले आण," आजी म्हणाली. "त्या म्हणन तं टोचू."

त्या गेल्या, हे मला तिला सांगावं लागलं. आजी पदरात तोंड घालून रडली. मग लेकराला उचलून आत घेऊन गेली, आणि दार लावून घेतलं.