कागदापुरता घटस्फोट

दार वाजलं तेव्हा रुईयिंग कढईत पालक परतत होती. दारात सूटबूट घातलेला एजंट आणि त्याच्यामागे एक तरुण जोडपं.

"घर बघायला आलोय. ब्येन साहेबांशी बोलणं झालंय."

ती काही विचारायच्या आत जोडप्यातली बाई स्वयंपाकघरात शिरली आणि उजेड किती येतो ते बघू लागली.

"तुम्ही इथे कामाला असता का?" बाईनं सहज विचारलं.

रुईयिंगनं गॅस बंद केला. नानजिंगमधल्या या घराचे हप्ते तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, ब्येन देफूनं, मिळून फेडले होते. मोटार शिकवण्याच्या शाळेत ती प्रशिक्षक होती. शिकाऊ गाडीत बसून निम्म्या शहराला तिनं वळणं घ्यायला शिकवलं होतं. आणि आता कागदोपत्री हे घर एकट्या देफूचं होतं, कारण मागच्या वसंतात दोघांनी घटस्फोट घेतला होता.

घटस्फोट घेतला होता तो दुसऱ्या घरासाठी. एक घर नावावर असलं की दुसऱ्यासाठी बँक भरमसाट रोकड आधी मागते. म्हणून सगळं शहर करत होतं तेच सासूबाईंनी सुचवलं. कागदावर वेगळे व्हा, जुनं घर देफूकडे ठेवा, कागदोपत्री बेघर झालेली रुईयिंग कमी पैशात नवं घर घेईल, मग पुन्हा लग्नाची नोंदणी. नोंदणी कचेरीत भिंतीवर पाटी होती, घरासाठी घटस्फोट घेऊ नका. तिच्याखालीच रांगेतली जोडपी घरांचे भाव बोलत होती. "सगळी मालमत्ता पतीची, पत्नीला काही नको" या ओळीखाली रुईयिंगनं सही ठोकली, आणि दोघांनी बाहेर येऊन बदकाचं सूप प्यायलं. देफू म्हणाला होता, "घटस्फोटाची पार्टी द्यायची तर अशी!" तीही हसली होती. एवढी शहाणी बाई, पण सही करताना तिला वाटलं, नवऱ्यापासून कसली आलीय भीती!

नवं घर कधी आलंच नाही. आधी भाव वाढले म्हणून, मग बँक कर्ज देईना म्हणून. लग्नाचं विचारलं की, "घाई काय आहे? एकत्रच तर राहतोय." आणि आज हा एजंट.

वकीलबाई तान यांनी कागद वाचून चष्मा काढला. "मालमत्तेची ही ओळ रद्द करून घ्यायची तर सहीला वर्ष व्हायच्या आत दावा लावावा लागेल. थोडेच आठवडे उरलेत. आणि घटस्फोट नाटकी होता असं त्यांनी कुठे लिहून दिलंय?"

"सगळं तोंडीच ठरलं होतं."

"मग तोंडूनच वदवून घ्या. रडू नका, भांडू नका. त्यांना बोलू द्या."

त्या संध्याकाळी ॲप्रनच्या खिशात मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू ठेवून रुईयिंगनं देफूला आणि सासूबाईंना जेवण वाढलं. मिठात मुरवलेल्या बदकाचे तुकडे तिनं बाजारातून कापूनच आणले होते.

"घर विकतोयस?" तिनं विचारलं.

"जेवताना कशाला तो विषय?" देफू भाताच्या वाटीतून वर बघेना.

"मग मी राहू कुठे?"

"बघू." बस्स, एवढंच. तो शब्द मोजूनमापून टाकत होता. त्यानंही कुणा वकिलाला विचारलं असणार.

तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. देफूच्या हातातल्या जेवणाच्या काड्या भातातच थांबल्या.

"कुणाचा फोन?"

"शिकाऊ मुलीचा. उद्या परीक्षा आहे तिची."

"दाखव बरं." त्यानं हात पुढे केला.

रुईयिंग सासूबाईंकडे वळली. "आई, हा माझे फोन तपासतोय. घटस्फोट घ्यायची अक्कलही याचीच होती म्हणे."

"याची?" सासूबाईंनी वाटी आपटली. "याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत! डोकं माझं होतं! कागदापुरते वेगळे व्हा, स्वस्तात घर घ्या, मग परत लग्न लावा, हे सांगितलं कुणी? मी!"

"आई, गप बस!" देफू उठला.

"का गप बसू? हिलाही मान्य होतं. पण आता कागदच आपल्या बाजूनं आहे तर सोडायचा कशाला? आणि तू गं, तू आता या घरची कोण लागतेस, प्रश्न विचारणारी?"

देफूचा हात अजून पुढेच होता. रुईयिंग उठली, चपला अडकवल्या आणि ॲप्रनसकट जिना उतरून गेली. ती तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरली तेव्हा वरून त्याची हाक आली. ती थांबली नाही.

दावा मुदतीत लागला. कोर्टात देफूच्या वकिलानं आदळआपट केली, पण रेकॉर्डिंगमधला सासूबाईंचा आवाज खणखणीत होता. निकाल वाचताना न्यायाधीशबाई म्हणाल्या, नाटकी घटस्फोट असं कायद्यात काही नसतं. नोंद झाली म्हणजे विवाह संपला, तो खराच संपला. मालमत्तेची ओळ मात्र दोघांच्या मनात नव्हती, ती रद्द. घर निम्मं निम्मं, देफूनं ते ठेवायचं तर निम्मी किंमत रुईयिंगला द्यायची.

बाहेर पायऱ्यांवर देफूनं तिला गाठलं.

"आईचं चुकलं. माझंही चुकलं. चल, नोंदणी कचेरी पलीकडच्या गल्लीतच आहे. आजच लग्न करून टाकू. घर आपलंच राहील, वाटण्या नकोत."

"आज? रांग असेल ना?"

"नाही नाही, दुपारी मोकळंच असतं. सकाळीच विचारून आलोय."

रुईयिंगनं त्याच्याकडे नीट बघितलं. निकाल तर आत्ता दुपारी लागला होता; म्हणजे हरलो तर काय करायचं ते त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं.

"आत ऐकलंस ना? आपला घटस्फोट खरा आहे." आणि ती शेजारी उभ्या वकीलबाईंकडे वळली. "ताई, माझ्या वाट्याचे पैसे यानं वेळेत भरले नाहीत, तर पुढे काय करायचं?"