लुसीबायच्या खाडीतला कार्बन

किस्से शोधत मी फिरत नाही हो! आमच्या आणि लुसीबायच्या आवारात कमरेएवढा दगडी गडगा आहे. त्यावर कोपर टेकलं की किस्से आपसूक येऊन साठतात. हसायचे नि रडायचे एकाच ढिगात.

लुसीबायचा एकुलता मुलगा आंतोन तीन पावसाळ्यांपूर्वी खाडीच्या तोंडावर होडी उलटून गेला. सापडलाच नाही. फादर दरवर्षी येऊन विचारतात, "लुसीबाय, आंतोनच्या आत्म्याला शांती मिळायला चर्चमध्ये मिसा ठेवूया?"

ही म्हणते, "गावलो नाय, तवसर मेलो नाय!"

फादर चहा पिऊन परत.

*

गेल्या वर्षी लुसीबायकडे पुण्याची एक संशोधक पोर, मीनल, राहायला आली. काम काय, तर पाण्यात विरघळलेला कार्बन मोजायचा. रोज खाडीवर जाऊन बाटल्या भरायची. मासे विकणारी शेवंती तिला म्हणाली, "पाणी खंय नेतंस गो? पुण्यात नळ नाय?"

*

एकदा लुसीबायच्या पडवीत मीनलच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या. म्हटलं, पोर दमते, जरा मदत करावी. सगळ्या साबणाने घासून उन्हात पालथ्या घातल्या!

मीनल आली नि एकेक बाटली उचलून बघू लागली. "काकी, त्या भट्टीत भाजून आणल्या होत्या! नुसतं बोट लागलं तरी बोटाचा कार्बन मोजला जातो!"

आमचे हे आठवडाभर जेवताना विचारत होते, "भाकरीक तुझो कार्बन लागलो नाय मा?"

*

ह्यांनीच एकदा तिला विचारलं, "कार्बन म्हणजे कोळसोच मा? मगे पाणी काळा कशाक नाय?"

मीनलने गडग्यावर बसून समजावलं. पानं कुजतात, मासे मरतात, ते पाण्यात विरतं, डोळ्यांना दिसत नाही. पण कार्बनचे हलके-जड प्रकार असतात. ते मोजले की तो झाडांचा की समुद्रातला, नवा की जुना, ते कळतं.

लुसीबाय नारळ सोलत होती. तिने कोयता खाली ठेवला. "आणि माणसाचो?"

मी उगाच कोंबड्या हाकलल्या.

*

दुसऱ्या दिवसापासून लुसीबाय मीनलबरोबर खाडीवर जाऊ लागली. ती पाणी भरायची, ही नुसती उभी. मीनल पुण्याला परत निघाली तेव्हा लुसीबाय तिला म्हणाली, "रिपोर्ट येतलो तेवा माका सांग हां."

त्या वर्षी फादर आले, तर पहिल्यांदाच तिने नाही म्हटलं नाही. "रिपोर्ट येवंदे. मगे ठेवूया मिसा."

*

परवा माझ्या मोबाईलवर मीनलचा फोन आला. लुसीबायला गडग्यापाशी बोलावून स्पीकर लावला.

"आजी, पाण्यातला कार्बन बहुतेक सगळा ताजा निघाला. खारफुटीच्या पानांचा. अगदी अलीकडचा."

"तीन वर्सां जुनो नाय?"

"नाही. पण आजी, त्याचा अर्थ असा नाही की..."

मी फोन बंद केला.

लुसीबाय घरात गेली. बाहेर आली ती पेटीतले आंतोनचे शर्ट घेऊन. एकेक झटकून दोरीवर घालत मला म्हणाली, "सुमन, फादरांक सांग गो, मिसा नको. आणि ह्यो वास बघ शर्टांक! परत इलो की असेच घालतलो काय तो?"