रडारमामांचा स्वच्छ पडदा

रडारमामा कुठेही गेले की आधी खुर्ची फिरवून घेत. पंखा, टीव्ही आणि सर्वांत मोठ्याने बोलणारा माणूस पाठीमागे येईल, असे बसत. आमच्या दवनीवाड्यात लोक यावर हसत. मामा म्हणत, "मला दोनच कान. माझ्या अँटेनाला असं फिरावं लागत नव्हतं."

बंगळुरूच्या एका रडार प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन ते गावी परतले होते. कामाबद्दल विचारले तर अंगणात विटांची रांग मांडत. प्रत्येक वीट म्हणजे एक छोटा अँटेना. विमानावरून परतणारा प्रतिध्वनी क्षीण असतो. तो बुडवण्यासाठी शत्रू मुद्दाम गोंगाट सोडतो. हा गोंगाट प्रत्येक अँटेनापर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचतो. त्या फरकावरून यंत्र त्याची दिशा शिकते आणि सगळ्या अँटेनांचे संकेत अशा प्रमाणात मिसळते, की त्या दिशेचा आवाज आपसांत कटून जातो. बाकीच्या दिशा उघड्या राहतात.

स्वतःची एक चूकही ते सांगत. यंत्र गोंगाट शिकत असताना विमान समोर नसावे. एका चाचणीत मामांनी ते राहू दिले. विमान जवळ होते, प्रतिध्वनी ठळक होता. यंत्राने त्यालाही गोंगाटात धरले आणि कापून टाकले. पडद्यावर काही उरले नाही. गोंगाट गेला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या; विमान मात्र डोक्यावरून जात होते. "तेव्हापासून पडदा स्वच्छ दिसला की मी घाबरतो."

मामी दिवसभर बोलत. गुडघे, वीज, धानावरचे तुडतुडे, आमच्या कोंबड्या. त्या ओसरीवर चढल्या की मामी घरातूनच ओरडत. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच भिंत असल्याने सगळे ऐकू येई.

"अजी, आयकून राह्यले का?"

"हो."

"काय बोलली मी?"

"कोंबड्या."

"कोंबड्या सकाळी होत्या. आता जेवाले बोलावून राह्यली!"

मग मामाही हसत.

गेल्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्या बोलण्यात छाती आली. "पाणी आणलं का छाती भरून येते जी," हे मामी विजेच्या आणि कोंबड्यांच्या मधेच सांगत. सूर नेहमीचाच. मामा "हो" म्हणत. माझ्या आईने विचारले, "दवाखान्यात काऊन नाही नेत?" मामा म्हणाले, "तिचं रोजचंच आहे."

एका सकाळी मामी चुलीपाशी कोसळल्या. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "तकलीफ कब से थी?" मामा सोबत आलेल्या माझ्या आईकडे वळले. आई म्हणाली, "रोवणीपासून सांगून राह्यली होती." मामी परत आल्या नाहीत.

मामींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून लोक गेले. मामा पंख्यासमोरच बसले होते. खुर्ची फिरवलेली नव्हती. पंखा बंद करू का, असे मी विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मी गोंगाट शिकलो तेव्हा ती समोरच होती," ते म्हणाले.

आमच्या कोंबड्या त्यांच्या ओसरीवर चढल्या, चुलीपर्यंत गेल्या. घरातून कोणी ओरडले नाही.