ढालीवरचं नाव

शहाड स्टेशन अजून बरंच लांब होतं आणि दाजी तिसऱ्यांदा टेकले. रिक्षांचा संप, त्यात हेमाबाईंची एकादशी. पण सत्तरीच्या माणसापुढे पाय दुखतात म्हणायची त्यांना लाज वाटली. त्याही शेजारी दगडावर बसल्या.

कोपरच्या कबड्डी संघाची स्मरणिका निघायची होती. हेमाबाई शाळेत मराठी शिकवत, म्हणून लिहायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. संघ मूळचा मोहन्याचा. शहाऐंशी साली मैदानावर इमारती आल्या, तेव्हा दाजींनी जुनी ढाल गोणपाटात गुंडाळली, मैदानातली घमेलंभर माती उचलली आणि उरलेसुरले खेळाडू घेऊन कोपर गाठलं. माती नव्या मैदानात कालवून नारळ फोडला. तरी तिथली मंडळी म्हणत, संघ शहाऐंशीचाच. दहा वर्षं हा वाद चालला. शेवटी ढालीनेच तो मिटवला. तिच्यावर कोरलेलं होतं: जिल्हा विजेता, १९६४, कप्तान दाजी. कप्तान आपल्यात आहे, म्हणजे मागचा इतिहासही आपलाच, असं ठरलं.

आज दोघं मोहन्याला मंजुळाबाईंकडे जुना फोटो मागायला गेले होते. त्यांचा नवरा नाथा त्याच संघातला, पण संघ हलला तेव्हा तो गाव सोडून गेला नाही. वारला तोही तिथंच. बाईंनी फोटो दिला, हेमाबाईंपुढे उपासाची केळी ठेवली आणि निघताना सहज म्हणाल्या, ती ढाल मी काही कधी बघितली नाही. दाजी खाली मान घालून चपला शोधत राहिले.

आता दगडावर बसून त्यांनी सांगून टाकलं. कप्तान नाथा होता. शेवटच्या पकडीत त्याचं खांद्याचं हाड मोडलं, त्याला दवाखान्यात नेलं आणि ढाल दाजींनी घेतली. ज्यानं घेतली त्याचंच नाव कोरलं गेलं. बदलू म्हटलं तर नाथा हसला होता, राहू दे रे, ढाल कुठं पळून जाते.

हेमाबाईंनी पिशवीतून फोटो काढून पाहिला. मग म्हणाल्या, "दाजी, हे छापलं तर कोपरवाले म्हणतील, कप्तान मोहन्यात राहिला, संघही तिथंच संपला."

"म्हणतीलच." दाजींनी गुडघे चोळले. "तरी नाथाचं नाव लिवा, बाई. माजं सातांत शेवटी टाका. आनि पहिली प्रत मंजुळावहिनीला तुमीच नेऊन द्या. मला त्या दारात परत उभं नाय राहवनार."